विमान एका अंगाला ओढतंय? आधी ओळंबा सोडा

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो टेक्सासमध्ये असतो, त्याच्याकडं सकाळचे अकरा वाजले होते.

"मामा, विमान उडालं! सहा तास उडवलं आत्तापर्यंत. पण उजवा पाय पार भरून आलाय."

"पायाचा आणि विमानाचा काय संबंध?"

"सारखं उजवं पेडल दाबून धरावं लागतंय. सोडलं की नाक डावीकडं जातं, मागोमाग डावा पंखही खाली जातो. आज रडरला एक टॅब चिकटवून विषय संपवतो."

"थांब लेका. ओळंबा सोडलायस का एकदा तरी?"

मी वैमानिक नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवण्यात माझा जन्म गेला. ओतकामाच्या साच्यातून पॅटर्न सहज सुटावा म्हणून त्याला अंश-दोन अंशाचा उतार, म्हणजे ड्राफ्ट, द्यावा लागतो, त्यामुळं एक अंश म्हणजे किती हे माझ्या बोटांना कळतं. भाच्याने चार वर्षं खपून गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधलं, तेव्हापासून आमचं रात्रीचं बोलणं याच विषयावर. ही हौस फक्त तिकडचीच आहे असंही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी करून घेतली. आपल्या कोल्हापूर विमानतळाच्या, उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून १९३९ पासून विमानं बघणाऱ्या गावाला यात नवल वाटू नये, पण तरी वाटतं.

विमान 'ओढतंय' म्हणजे नेमकं काय? हवेतलं विमान तीन तऱ्हांनी हलतं. नाक वर-खाली होणं म्हणजे पिच. एक पंख खाली, दुसरा वर, म्हणजे रोल. आणि बैलगाडीत एक बैल जोरकस निघाला की गाडी जशी एका अंगाला वळते, तसं नाक डावी-उजवीकडं फिरणं म्हणजे यॉ. पिचसाठी शेपटीवर एलिव्हेटर, रोलसाठी पंखांच्या टोकाकडं एलेरॉन, यॉसाठी शेपटीच्या उभ्या पात्याला मागं जोडलेलं रडर. हात-पाय सोडले तरी विमान सरळ, सपाट जावं अशी जुळणी म्हणजे ट्रिम. कारखान्यातून येणारी विमानं एकाच जिगवर, म्हणजे भाग जागच्या जागी धरणाऱ्या पक्क्या चौकटीवर, बांधलेली असतात. घरी बांधलेलं विमान मात्र त्या घरातल्या जमिनीवर आणि त्या माणसाच्या नजरेवर बांधलेलं असतं. थोडाफार वाकडेपणा यायचाच.

लहानपणी पतंगाची कामटी एका बाजूला जाडसर राहिली की पतंग एकीकडं कलत राहायचा. मग दुसऱ्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवायची. पतंग सरळ व्हायचा, पण वारा वाढला की पुन्हा वेडंवाकडं चालू. भाऊ म्हणायचा, पट्टी काढ आणि कामटी तास. विमानाचा टॅब, म्हणजे रडरसारख्या हलत्या पात्याच्या मागच्या कडेला लावायचा छोटा तुकडा, ही तीच पट्टी. पट्टी लावायला माझी ना नाही, पण कामटी तासून झाल्यावर.

भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो चेंडूचा. विमानाच्या पॅनेलवर काचेची किंचित वाकवलेली नळी असते. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि एक काळा चेंडू. विमान हवेला नाक समोर करून जात असेल तर चेंडू मधल्या दोन रेघांत बसतो. नाक डावीकडं आणि विमान तिरकं जात असेल तर चेंडू उजवीकडं सरकतो. शिकाऊ वैमानिकाला एवढंच सांगतात की चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूचं पेडल दाब. भाच्याचा चेंडू सरळ उड्डाणात अर्धा बाहेर, उजवीकडं.

पण ती नळी तरी सरळ बसवलेली आहे का? हसू नका. रडर ठोकत बसलेल्या कितीतरी लोकांचा दोष शेवटी पॅनेलच्या दोन स्क्रूंत निघतो. पंखांची दोन्ही टोकं एका पातळीत येतील असं विमान जमिनीवर सपाट करायचं. त्यासाठी गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. एक तोंड डाव्या पंखाच्या टोकाशी, दुसरं उजव्या, पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीवर दिसलं की झालं. मग चेंडू बघायचा. भाच्याचा चेंडू जमिनीवरच पाव भाग उजवीकडं होता. म्हणजे अर्ध्यातला पाव दोष नळीचा निघाला. स्क्रू ढिले केले, नळी फिरवली, संपलं. उरलेला पाव खरा.

आता तो खरा पाव कुणाचा, इंजिनाचा की सांगाड्याचा?

पुढं पंखा असलेल्या एका इंजिनाच्या विमानात इंजिन स्वतःच नाक वळवतं. बहुतेक अमेरिकी इंजिनांत वैमानिकाच्या जागेवरून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरतो. त्याने मागं फेकलेली हवा सरळ जात नाही, विमानाभोवती पीळ घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडं, म्हणून नाक डावीकडं. चढताना विमानाचं नाक वर असतं, तेव्हा खाली येणारं उजवं पातं वर जाणाऱ्या पात्यापेक्षा हवेला जास्त कोनातून कापतं, जास्त ओढतं, आणि नाक आणखी डावीकडं. त्यामुळं चढताना उजवा पाय लागणं हा दोष नव्हेच. (ज्यांनी टायगर मॉथ उडवलंय त्यांना उलटा अनुभव असेल. त्याचं जिप्सी मेजर इंजिन उलटं फिरतं, तिथं डावा पाय लागतो.)

हा ओढा कमी करायला बरेच रचनाकार शेपटीच्या उभ्या पात्याची पुढची कड मुळातच काही मिलिमीटर डावीकडं सरकवून ठेवतात. पण तो हिशोब एकाच वेगासाठी बसतो, सहसा नेहमीच्या प्रवासाच्या वेगासाठी. चढताना तो कमी पडतो, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद गतीवर, आणून उतरताना जास्त होतो. म्हणून सुदृढ विमानात आयडलवर चेंडू किंचित डावीकडं जायला हवा. यातून निदानाची सर्वांत स्वस्त चाचणी मिळते. पुरेशा उंचीवर, विमानतळाच्या आवाक्यात राहून, इंजिन आयडलवर आणा, पाय सोडा आणि चेंडू बघा. तो मध्यावर किंवा डावीकडं गेला तर ओढा मुख्यतः इंजिनाचा. तरीही उजवीकडंच राहिला तर काहीतरी वाकडं बसलंय.

भाच्याने दुसऱ्या दिवशी बघितलं. उजवीकडंच.

"आता काढ ओळंबा," मी म्हटलं. त्याच्याकडं लेझरची लेव्हल आहे. चांगली असते, पण तीही एकदा ओळंब्याशी ताडून घ्यावी. ओळंब्याची बॅटरी संपत नाही.

विमान स्टँडवर घेऊन लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडं सपाट करायचं. पुढच्या टोकाच्या मध्यावरून एक ओळंबा, शेपटीच्या शेवटच्या मध्यावरून दुसरा. जमिनीवर दोन्ही खुणा जोडून सुतारासारखी दोरी मारायची. ही विमानाची मधली रेघ. मग दोन्ही पंखांच्या पुढच्या कडांवरून, मुळाशी आणि टोकाशी, ओळंबे सोडायचे आणि त्या रेघेपासूनची अंतरं मोजायची. आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांपासून उभ्या पात्याच्या माथ्यापर्यंत टेप लावायचा, दोन्ही मापं सारखी यायला हवीत. पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत डावीकडून आणि उजवीकडून, तीही सारखी. दोन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्या. दहा-बारा आला तर चहा प्या आणि पुन्हा मोजा, कारण निम्म्या वेळा टेपच वाकडा धरलेला असतो.

सांगाडा सरळ निघाला. मग राहिली ती चाकांवरची आवरणं.

यांच्याकडं कुणी संशयाने बघत नाही. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून चाकांवर माशाच्या आकाराची फायबरची टोपी असते. भाच्याचं विमान शेपटीखाली छोटं चाक असलेलं, म्हणजे मोठी दोन चाकं विमानाच्या गुरुत्वमध्याच्या पुढं. गुरुत्वमध्याच्या पुढं असलेली कोणतीही उभी चपटी वस्तू म्हणजे उलट्या जागी लावलेलं रडरच. ती टोपी दोन अंश डावीकडं वळली तर नाकाला डावीकडं ढकलत राहते. वेग वाढेल तसं जास्त, कारण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १२० नॉटवर गेलात तर वेग दीडपट आणि जोर सव्वादोनपट.

भाचा म्हणाला, टोप्या मी मोजूनच बसवल्यात. कशा मोजल्या? विमान चाकांवर उभं असताना. इथंच तो फसला होता. विमान जमिनीवर असताना वजनाने स्प्रिंगचे पाय फाकतात, चाकं तिरकी होतात. हवेत गेलं की पाय मिटतात आणि टोपी फिरते. टोप्या जुळवायच्या त्या विमान उचलून, चाकं लोंबकळत ठेवून. तसं केल्यावर डावी टोपी बाहेरच्या अंगाला वळलेली स्पष्ट दिसली. टोकापासून टोकापर्यंत जेमतेम वीसेक मिलिमीटर. पायांवरची आवरणंही त्याच वेळी दोरी लावून तपासून घ्यावीत, तीही अशीच फिरतात.

डावा पंख खाली जायचं काय? याचा क्रम लोक उलटा लावतात. पंख जड वाटला की आधी एलेरॉनला हात घालतात. पण पंख टोकाकडं किंचित वर उचललेले असतात, त्यामुळं नाक डावीकडं गेलं की वारा उजव्या पंखाखाली जास्त शिरतो, उजवा वर जातो आणि डावा खाली. म्हणजे वाकडी शेपटी पंखाच्या नावावर खपते. आधी चेंडू मध्यावर आणा, मगच पंख किती जड आहे ते बघा. भाच्याची टोपी सरळ झाल्यावर पंखाचा जडपणा बराचसा आपोआप गेला.

बराचसा, सगळा नाही. उरलेला दोन कारणांनी असू शकतो आणि ती दोन्ही वेगळी ओळखता येतात.

एक म्हणजे वजन. वैमानिक एकटाच डावीकडं बसलेला. इंधन दोन पंखांत, आणि एका वेळी एकाच टाकीतून जळतं. समजा तासाला ३० लिटर पेट्रोल जातं. विमानाच्या पेट्रोलचा एक लिटर साधारण ०.७२ किलो भरतो. तासभर उजव्या टाकीवर उडलात तर उजवा पंख एकवीस-बावीस किलोने हलका. ऊस एकीकडं जास्त भरलेली ट्रॉली जशी कलते तसंच. या जडपणाची खूण अशी, की वेग कमी असताना तो जास्त जाणवतो. वेग वाढला की एलेरॉनचा जोर वाढतो, आणि तेवढंच वजन उचलायला त्याला कमी हलावं लागतं.

दुसरं कारण आकार. एका पंखाचा बसवण्याचा कोन दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त, किंवा एका बाजूची फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली सोडायची पंखाची मागची फळी, पूर्ण वर बसत नाही. हा जडपणा वेगाबरोबर वाढतो, हातातली काठी, म्हणजे विमान वळवायचा दांडा, जास्त जोराने धरावी लागते. किती फरकाने काय होतं? पंखाची रुंदी १.२ मीटर धरा. ०.१ अंश म्हणजे मागच्या कडेला दोन मिलिमीटर. विमान ६०० किलोचं असेल तर प्रत्येक पंख ३०० किलो पेलतो. प्रवासाच्या वेगाला ०.१ अंशाने त्या पंखाची उचल ढोबळमानाने आठ किलोने बदलते. दोन मिलिमीटरला आठ किलो! आमच्या धंद्यात दोन मिलिमीटर घासून काढता येतात, इथं ते पंखाच्या अर्ध्या लांबीवर टांगलेलं ओझं होतं.

म्हणून दोन्ही टाक्या समान भरून, शेजारच्या सीटवर वाळूची पोती पट्ट्याने घट्ट बांधून एकदा उडायचं. तरी पंख जड असेल तर आधी फ्लॅप तपासा. फ्लॅपची मागची कड, एलेरॉनची मागची कड आणि पंखाच्या टोकाची कड एका दोरीत यायला हव्यात. ते सगळं ठीक असेल तर पत्र्याच्या एलेरॉनवर एक जुनी युक्ती चालते. हलक्या पंखाच्या, हो, हलक्याच, एलेरॉनची मागची दुमडलेली कड लाकडी पट्ट्यांमध्ये धरून अगदी हलकेच दाबायची. कड बारीक झाली की ते एलेरॉन हवेत किंचित वर तरंगतं आणि जोडदांड्यामुळं दुसऱ्या, जड पंखाचं एलेरॉन खाली येतं. तो पंख उचलला जातो. एकदा दाबायचं, उडायचं, पुन्हा बघायचं. जास्त दाबलं गेलं तर कड परत फुगवणं हा मोठा वैताग असतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूची दाबून बरोबरी करायचा मोह होतो, आणि मग दोन्ही बाजू बिघडतात.

पिचचं थोडक्यात सांगतो, कारण भाच्याला तो त्रास नव्हता. नाक सारखं खाली किंवा वर जात असेल तर पहिली गोष्ट तराजू. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान तोलायचं आणि गुरुत्वमध्य कागदावर काढायचा. तो विमानाच्या आराखड्यात दिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर ट्रिमचा विचारच करायचा नाही, विमान जमिनीवर ठेवायचं. गुरुत्वमध्य फार मागं गेला तर विमान हातात राहत नाही. तो बरोबर असेल, तर सरळ उड्डाणात एलिव्हेटर आडव्या शेपटीच्या ओळीत आहे का ते सोबत्याला मागं वळून बघायला सांगायचं. सतत खाली किंवा वर झुकलेला दिसला तर आडव्या शेपटीचा कोन चुकलाय. तिथं पातळ चकती घालून कोन बदलता येतो, तोही रचनाकाराला विचारूनच.

टेप लावून, दोरी मारून, टोपी वळवून झाल्यावर भाच्याचा चेंडू प्रवासाच्या वेगाला जेमतेम रेघेला घासत होता. तेव्हा मी म्हटलं, आता लाव तुझी पट्टी.

पण टॅब नाही, आधी पाचर. रडरला उजवीकडं जायला हवं, म्हणून पाचर रडरच्या डाव्या अंगाला, मागच्या कडेशी, जाड बाजू मागं. ती हवा डावीकडं ढकलते आणि रडर उजवीकडं जातं. उलटं वाटतं ना? भाच्यालाही वाटलं, आणि पहिल्या वेळी त्याने ती उजवीकडं चिकटवली. पंधरा मिनिटांत खाली आला. लाकडाची पाचर लांब घ्यायची, चांगल्या चिकटपट्टीने लावायची, उडायचं, चेंडू पार पलीकडं गेला तर खाली येऊन थोडी कापायची. जाडी बदलायची नाही, फक्त लांबी. आणि एका उड्डाणात एकच बदल. पाचर कापली आणि टायरमध्ये हवाही भरली, असं दोन्ही केलं की कशाने काय झालं ते कळत नाही.

इथं एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. हलणाऱ्या पात्याच्या मागच्या कडेवर तुम्ही जे काही लावता, त्याचं वजन बिजागराच्या मागं येतं आणि पात्याचा तोल बदलतो. तोल गेलेलं किंवा ढिलं पातं एका विशिष्ट वेगाला फडफडायला लागतं. याला फ्लटर म्हणतात, आणि तो सेकंदभरात शेपटी फाडू शकतो. १६ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेत नेवाडातल्या रिनोच्या हवाई शर्यतीत एका सुधारित पी-५१ मस्टँग विमानाच्या डाव्या एलिव्हेटरचा ट्रिम टॅब असाच फडफडला. चौकशीत निघालं की त्याचे लॉकनट जुनेच पुन्हा वापरलेले होते, त्यांची पकड गेली होती आणि स्क्रू सैल झाले होते. विमान प्रेक्षकांत कोसळलं. वैमानिकासह अकरा माणसं गेली. एवढ्याशा पट्टीच्या नटांमुळं. म्हणून कायमचा टॅब लावताना बिजागराला खेळ नको, नवे नट हवेत, आणि लावल्यावर पात्याचा तोल पुन्हा तपासायला हवा. त्यानंतर वेग वाढवायचा तोही टप्प्याटप्प्याने. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या भागातच चाचण्या घ्यायला लावतात, ते यासाठीच.

भाच्याची पाचर शेवटी सव्वातीन इंचांवर स्थिरावली. चढताना उजवा पाय अजून लागतो, तो लागणारच. परवा त्याने व्हिडिओ पाठवला. काठी सोडलेली, पाय जमिनीवर, खाली टेक्सासची शेतं आणि चेंडू दोन रेघांच्या मधोमध. कॅमेरा रडरकडं वळवला तर पाचर अजून लाकडाचीच.

"ॲल्युमिनियमची कधी करणार?" मी विचारलं.

"तुम्हीच करून पाठवा ना मामा. ड्राफ्ट तुम्हाला कळतो."

सकाळी उद्यमनगरात गेल्यावर पहिलं काम तेच घेतलंय.